केनेडींवर किती गोळ्या सुटल्या, किती अंतराने सुटल्या, आणि साक्षीदारांनी नेमकं काय ऐकलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस शहरात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्यावर तीन गोळ्या झाडल्या गेल्या, असं हत्येच्या तपासासाठी नेमलेल्या वॉरन आयोगाचा अहवाल सांगतो. पण साक्षीदारांपैकी कुणी दोन आवाज सांगतो, कुणी चार. शिवाय बरेच जण म्हणतात की शेवटचे दोन आवाज अगदी लागोपाठ झाले. दर गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावा लागणाऱ्या रायफलने हे शक्य आहे का? नसेल, तर दुसरा बंदूकधारी होता असं मानायला नको का?

मी बॅलिस्टिक्समध्ये काम केलं आहे. पुंगळ्या, जखमा आणि जबाब एकमेकांशी ताडून पाहणं हाच माझा व्यवसाय होता, आणि हे प्रकरण मी त्याच नजरेने वर्षानुवर्षं वाचत आलो आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. साक्षीदारांच्या सांगण्यावरून गोळ्या किती हे बऱ्यापैकी कळतं. त्या किती अंतराने सुटल्या हे कळत नाही. आणि कुठून सुटल्या हे तर हत्या झाली त्या डीली प्लाझा चौकासारख्या जागी फारच थोड्यांना कळलं असणार. वेळ मोजण्याचं खरं साधन त्या दिवशी एकच होतं, एका हौशी माणसाच्या हातातला चित्रीकरणाचा कॅमेरा, आणि त्याच्या फिल्मवर आवाज नव्हता. ज्या पुराव्यात वेळ आहे त्यात आवाज नाही, आणि ज्यांनी आवाज ऐकला त्यांच्याकडे वेळ नाही. ही दोन टोकं जोडायला गेलं की वाद सुरू होतो.

आधी फिल्मचं बघू. कपड्यांच्या व्यवसायातले अब्राहम झाप्रूडर एल्म स्ट्रीटच्या कडेला एका काँक्रीटच्या चौथऱ्यावर उभे राहून बेल अँड हॉवेल कंपनीच्या ८ मिलिमीटर कॅमेऱ्याने अध्यक्षांची गाडी टिपत होते. एफबीआयने नंतर तो कॅमेरा तपासला तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सरासरी १८.३ फ्रेम भरला. पूर्ण चित्रण ४८६ फ्रेमचं, म्हणजे साडेसव्वीस सेकंदांच्या आसपास. डोक्यावरचा प्राणघातक आघात फ्रेम ३१३ मध्ये दिसतो आणि त्याबद्दल वाद नाही. त्याआधीचं मात्र सगळं धूसर आहे. गाडी रस्त्यावरच्या एका मोठ्या दिशाफलकाच्या मागे जाते आणि केनेडी पुन्हा दिसतात ते फ्रेम २२५ च्या सुमारास, हात गळ्याकडे जात असताना. म्हणजे पहिली जखम ज्या क्षणी झाली असावी तो क्षण नेमका फलकाआड आहे. त्यात मूळ फिल्मच्या २०८ ते २११ या फ्रेम नंतर हाताळताना खराब झाल्या. सुदैवाने त्याआधी काढलेल्या प्रतींमध्ये त्या शाबूत आहेत.

दुसरं टोक रायफलचं. टेक्सास स्कूल बुक डिपॉझिटरी या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर इटालियन बनावटीची ६.५ मिलिमीटरची कार्कानो रायफल सापडली आणि आग्नेय कोपऱ्यातल्या खिडकीपाशी तीन रिकाम्या पुंगळ्या. एफबीआयचे तज्ज्ञ रॉबर्ट फ्रेझियर यांनी ती चालवून पाहिली. दुर्बिणीतून नेम धरून दोन गोळ्यांमध्ये कमीत कमी २.३ सेकंद लागले. फिल्मच्या भाषेत ४२ फ्रेम.

इथे पुष्कळ लोक हिशेबात एक चूक करतात. तीन गोळ्या म्हणजे तीनदा २.३ सेकंद नव्हेत. पहिली गोळी नळीत तयार असते, वेळ तिच्यापासून सुरू होते. तीन गोळ्यांमध्ये अंतरं दोनच, म्हणजे किमान ४.६ सेकंद. शिवाय २.३ हा आकडा दुर्बिणीतून नेम धरण्याचा आहे. पुढे १९७८ च्या सुमारास, अमेरिकी संसदेने या हत्येच्या फेरतपासासाठी नेमलेल्या समितीसाठी झालेल्या चाचण्यांत साध्या लोखंडी साइटवरून नेम धरल्यावर त्याहून कमी वेळातही दुसरी गोळी सुटू शकते असं दिसलं.

खरी अडचण दोन माणसांच्या जखमांच्या वेळेची आहे. गाडीत केनेडींच्या पुढच्या आसनावर टेक्सासचे गव्हर्नर जॉन कॉनली बसले होते आणि तेही गंभीर जखमी झाले. फ्रेम १६६ ते २१० या काळात खिडकीतून पाहिलं तर गाडी एका ओकच्या झाडाआड जाते. म्हणून केनेडींना पाठीत गोळी लागली ती २१० च्या आधी नसावी, असं आयोगाने धरलं. कॉनलींच्या जखमांची दिशा आणि त्यांची बसण्याची ढब पाहता त्यांना २४० नंतर गोळी लागणं शक्य नव्हतं. मधे उरतात ३० फ्रेम, म्हणजे १.६ सेकंद. एका रायफलला दुसरी गोळी झाडायला ४२ फ्रेम हव्यात. मग दोनच शक्यता राहतात: दोघांमधून एकच गोळी गेली, किंवा दोन बंदुका होत्या. आयोगाचे वकील आर्लन स्पेक्टर यांनी मांडलेली ती प्रसिद्ध ‘एकच गोळी’ची उपपत्ती या १२ फ्रेमच्या तुटीतून जन्मली. अनेकांना ती ओढूनताणून बसवलेली वाटते. पण गाडीत कॉनलींचं आसन केनेडींच्या आसनापेक्षा थोडं आत आणि खाली होतं. ते लक्षात घेऊन रेषा ओढली की पाठीतून गळ्याबाहेर आलेली गोळी समोरच्या माणसाला लागणं हेच अपेक्षित ठरतं. ती लागली नसती, तर ती गेली कुठे हे सांगावं लागलं असतं.

आता कॉनलींची साक्ष. या प्रकरणात मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच, कारण माणूस शिकारी होता, आवाज ऐकताक्षणी तो रायफलचा आहे हे त्यांनी ओळखलं, आणि ते अखेरपर्यंत आपल्या सांगण्यावर ठाम राहिले. त्यांचं म्हणणं असं: पहिला आवाज आला, आपण उजवीकडे वळून पाहिलं, अध्यक्ष दिसले नाहीत, मग डावीकडे वळू लागलो तेव्हा पाठीत जोराचा ठोसा बसल्यासारखं वाटलं. म्हणजे पहिल्या गोळीने आपण जखमी झालो नाही, याची त्यांना पक्की खात्री होती. पत्नी नेली कॉनली यांचं मत होतं की पहिली गोळी केनेडींना लागली आणि दुसरी आपल्या पतीला.

लोक या साक्षीकडे ‘एकच गोळी’विरुद्धचा निर्णायक पुरावा म्हणून पाहतात. मला तसं वाटत नाही. कॉनलींनी आपल्याला लागलेल्या गोळीचा आवाज ऐकलाच नव्हता, आणि त्या क्षणी केनेडींना काय झालं हे पाहिलंही नव्हतं. त्यांना ठाऊक होतं ते एवढंच की पहिला आवाज आणि आपली जखम या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिली गोळी कुणालाच लागली नसेल, तर त्यांचा शब्दन्‌शब्द खरा ठरतो. फिल्ममध्ये १६० नंतरच्या फ्रेममध्ये ते झटकन उजवीकडे वळताना दिसतात, आणि २२४ मध्ये त्यांच्या कोटाची उजवी बाजू उडते. त्याच सुमारास फलकामागून बाहेर येणारे केनेडीही गोळी लागल्याची प्रतिक्रिया देत असतात.

याच साक्षीत आणखी एक गोष्ट आहे जी फारसं कुणी जोडून वाचत नाही. सगळ्या प्रकाराला किती वेळ लागला असेल, असं विचारल्यावर कॉनलींनी दहा-बारा सेकंद असा अंदाज दिला. आणि तेच सांगतात की पहिला आवाज आणि आपल्याला बसलेला तडाखा यांतलं अंतर इतकं थोडं वाटलं की दोन-तीन माणसं असावीत किंवा स्वयंचलित रायफल असावी असं मनात आलं. एकाच प्रामाणिक, जाणकार माणसाच्या मनात तीच घटना लांबलेलीही आहे आणि आखडलेलीही. गोळीबारातून वाचलेल्या माणसांकडून मी हे पुन्हा पुन्हा ऐकलं आहे. ते खोटं बोलत नसतात. भीतीच्या क्षणी मनातलं घड्याळ एकसारखं चालत नाही, आणि उलटतपासणीत त्यांना सेकंदांवरून कोंडीत पकडणाऱ्या वकिलांचा मला कायम राग येत आला आहे.

आता कानाकडे वळू. रायफलची एक गोळी म्हणजे एक आवाज, ही समजूतच चुकीची आहे. कार्कानोची गोळी नळीतून सेकंदाला साधारण ६६० मीटर वेगाने निघते. आवाजाचा वेग सुमारे ३४५ मीटर. ध्वनीपेक्षा वेगवान गोळी हवेत स्वतःची धक्कालहर ओढत नेते आणि तिचा चाबूक कडाडल्यासारखा ‘कडाक्’ असा आवाज होतो. नळीच्या तोंडाशी होणारा ‘धाड्’ हा आवाज वेगळा, आणि तो मागून येतो. फ्रेम ३१३ च्या वेळी गाडी खिडकीपासून २६५ फुटांवर, म्हणजे ८१ मीटरवर होती. गोळी तिथे पोचायला ०.१३ सेकंद, नळीचा धडाका पोचायला ०.२३ सेकंद. गाडीजवळच्या माणसाच्या कानावर सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या अंतराने दोन आघात. कुणाचा कान ते एक म्हणून घेईल, कुणाचा दोन म्हणून. नळीच्या मागच्या बाजूला, ह्यूस्टन स्ट्रीटवर उभ्या असलेल्यांपर्यंत कडाका पोचतच नाही, त्यांना फक्त धडाका. एकाच गोळीचे दोन साक्षीदार, दोन वेगळे आवाज, दोघेही खरे.

दिशेचा घोळ यातूनच होतो. कडाक्याचा उगम बंदुकीपाशी नसतो, तो गोळीच्या मार्गावरच्या एखाद्या बिंदूपाशी असतो. कान तिकडे वळला की माणूस बंदूक असलेल्या दिशेऐवजी भलतीकडेच बोट दाखवतो. त्यात डीली प्लाझाची रचना बघा. एका बाजूला उंच इमारतींची रांग, पश्चिमेला रेल्वेचा पूल, मधे काँक्रीटच्या कमानी आणि भिंती. साठ मीटरवरच्या भिंतीवर आपटून आलेला पडसाद सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाने परत येतो, आणि तो इतका दणकट असतो की नवीन आवाज वाटावा.

ली बोवर्स नावाचे रेल्वेचे कर्मचारी त्या चौकामागच्या मनोऱ्यात बसलेले होते. त्यांनी तीन आवाज ऐकले, पहिला एक, मग थोडा अवकाश, मग दोन जवळजवळ. दिशा विचारल्यावर ते म्हणाले की एकतर डिपॉझिटरीकडून, नाहीतर पुलाच्या तोंडापासून, पण नक्की सांगता येणार नाही, कारण दहा-बारा वर्षं इथे काम करताना या दोन ठिकाणचे आवाज सारखेच ऐकू येतात हे आपण पाहिलं आहे. जागा माहीत असलेला माणूस ‘सांगता येत नाही’ म्हणतो, तेव्हा त्या उत्तराचं वजन इतर दहा जणांच्या खात्रीपेक्षा मी जास्त मानतो. खुद्द झाप्रूडरनीही आयोगाला सांगितलं की आवाज इतका घुमत होता की सगळीकडूनच आल्यासारखा वाटला. ज्यांच्या हातात घड्याळ होतं, त्यांच्या कानाची ही अवस्था.

१९७६ मध्ये नेमलेल्या संसदीय समितीने नंतर १७८ साक्षीदारांच्या जबाबांचं वर्गीकरण केलं. त्यातल्या १३२ जणांनी, म्हणजे चारांतल्या जवळपास तिघांनी, तीन आवाज सांगितले. दिशेबद्दल ४९ जणांनी डिपॉझिटरीकडे बोट दाखवलं, २१ जणांनी समोरच्या गवताळ टेकाडाकडे, ३० जणांनी इतरत्र, आणि ७८ जणांना काहीच सांगता आलं नाही. पण माझ्या मते सगळ्यात बोलका आकडा याच यादीत दडलेला आहे: आवाज एकापेक्षा अधिक ठिकाणांहून आले असं सांगणारे फक्त चार जण होते. दोन ठिकाणांहून गोळीबार झाला असता, तर टेकाडाच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसांना निदान एक आवाज कानाजवळ आणि बाकीचे लांब असा फरक जाणवला असता. तसं सांगणारे जवळपास नाहीत. ज्याने डिपॉझिटरी म्हटलं त्याने सगळे आवाज डिपॉझिटरीला दिले, ज्याने टेकाड म्हटलं त्याने सगळे टेकाडाला.

जवळ असणं हीसुद्धा अचूकपणाची हमी नाही. सहाव्या मजल्याच्या त्या खिडकीच्या बरोबर खाली, पाचव्या मजल्यावर, डिपॉझिटरीचे तीन कर्मचारी मिरवणूक बघत होते. त्यांच्यातल्या हॅरोल्ड नॉर्मन यांनी तीन धडाके, बोल्टची खटखट आणि जमिनीवर पडणाऱ्या पुंगळ्यांचा आवाज ऐकल्याचं सांगितलं. आयोगाच्या लोकांनी तिथेच प्रयोग करून पाहिला आणि तो आवाज खाली ऐकू येतो याची खात्री करून घेतली. त्यांच्याच शेजारचे बॉनी रे विल्यम्स यांनी मात्र पहिल्या दिवसाच्या शपथपत्रात दोन गोळ्या म्हटलं होतं, आणि नंतर तीन. एका बंदुकीखाली, काही फुटांच्या अंतरात, दोन वेगळे आकडे.

दोन आवाज सांगणाऱ्यांचं कोडं मला मोठं वाटत नाही. असंख्य साक्षीदारांनी पहिला आवाज फटाक्याचा किंवा मोटारीच्या सायलेन्सरचा समजला. जो आवाज गोळीचा म्हणून मनात नोंदलाच गेला नाही, तो मोजणीतून गळतो. केनेडींच्या गाडीवर झेप घेणारे, अध्यक्षांच्या संरक्षण दलाचे म्हणजे सीक्रेट सर्व्हिसचे क्लिंट हिल यांनीही दोनच सांगितले. ते त्या वेळी मागच्या गाडीवरून उतरून धावत होते. धावणाऱ्या माणसाने मोजणी चुकवली यात नवल नाही.

चार किंवा अधिक सांगणाऱ्यांच्या बाबतीत नजर आणि कान यांतली फट लक्षात घ्यावी लागते. पुढच्या रेल्वे पुलावर उभ्या असलेल्या माणसाला डोक्यावरचा आघात त्याच क्षणी दिसला, पण खिडकीपासून तो दीडशेहून अधिक मीटर दूर असल्याने धडाका ऐकू यायला अर्ध्या सेकंदाच्या जवळपास वेळ लागला. वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो तसं. तोवर त्याच्या मनात गोळी लागून गेलेली असते, म्हणून मागून आलेला आवाज तो वेगळ्या गोळीच्या खात्यावर टाकतो.

आणि आठवण नंतरच्या माहितीने बदलते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मी दुसऱ्या कुठल्या खटल्यात पाहिलेलं नाही. जॅकलिन केनेडी यांची साक्ष जून १९६४ मध्ये झाली. त्यांनी सांगितलं की आधी आपल्याला तीन आवाज आठवत होते, पतीने आवाज केला नाही आणि गव्हर्नर ओरडले याचा मनात गोंधळ होता, आणि मग अलीकडे वाचनात आलं की एकाच गोळीने दोघांना जखमी केलं. आपली आठवण वाचलेल्या बातमीशी जुळवून घेताना माणूस ते उघडपणे सांगतो, असं फार क्वचित घडतं. बहुतेक जण जुळवून घेतात आणि त्यांना स्वतःलाही ते कळत नाही. म्हणून मी जबाब नेहमी तारखेच्या क्रमाने वाचतो: २२ नोव्हेंबरची शपथपत्रं आधी, मग आठवड्याभरातली, मग १९६४ मधल्या साक्षी, आणि दशकांनंतरच्या मुलाखती सगळ्यात शेवटी.

आपल्याकडे गांधीहत्येबाबत असाच वाद कोर्टात गेला होता. ३० जानेवारी १९४८ रोजी बिर्ला भवनात बेरेटा पिस्तुलातून तीन गोळ्या सुटल्या, पण चौथीही होती असं म्हणत मुंबईच्या एका अभ्यासकाने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. मार्च २०१८ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. तिथेही वर्तमानपत्रांतल्या पहिल्या बातम्यांमधले आकडे आणि पुढचे जबाब यांतली तफावत हाच मोठा आधार होता.

आता तुमच्या मुख्य शंकेकडे येतो, ‘शेवटचे दोन लागोपाठ’. ही शंका मी हलकी मानत नाही. आवाजांच्या अंतराबद्दल जे बोलले त्यांच्यातल्या बहुसंख्यांनी हेच सांगितलं आहे, आणि मला सर्वांत पटणारा काळाचा हिशेब नेमका उलट आहे. पहिली गोळी फ्रेम १६० च्या सुमारास, ती चुकली. दुसरी २२३-२२४ ला, ती दोघांमधून गेली. तिसरी ३१३ ला. म्हणजे पहिलं अंतर साधारण साडेतीन सेकंदांचं आणि दुसरं पाच सेकंदांच्या जवळपास. एकूण आठ सेकंदांहून थोडं अधिक. रायफलला हे सहज जमतं, पण साक्षीदारांची लय याच्याशी जुळत नाही.

याचं उत्तर मी असं देतो. तिसऱ्या गोळीच्या वेळी गाडीजवळच्या माणसांनी कडाका, डोक्यावर आपटण्याचा आवाज आणि धडाका अशा तीन गोष्टी सेकंदाच्या चौथ्या हिश्शात ऐकल्या. याआधीच्या दोन गोळ्यांच्या वेळी गाडी खिडकीच्या जास्त जवळ होती, त्यामुळे कडाका आणि धडाका यांतली फट कमी होती. म्हणजे दुहेरी ऐकू येण्याची शक्यता शेवटच्या गोळीलाच सर्वाधिक. सीक्रेट सर्व्हिसचे रॉय केलरमन पुढच्या आसनावर होते आणि शेवटी गोळ्यांचा एकदम मारा झाला असं ते सांगतात; त्या जागी बसून तसं वाटणं मला स्वाभाविक वाटतं. तेवढ्याने चौकाच्या दूरच्या टोकाला असलेल्या बोवर्ससारख्यांची लय सुटत नाही, हे मी मान्य करतो. पण दुसऱ्या बंदुकीने ती सुटायची असेल, तर त्या बंदुकीची गोळी कुठेतरी लागलेली दिसायला हवी. संसदीय समितीच्या नऊ न्यायवैद्यक तज्ज्ञांपैकी आठ जणांचा निष्कर्ष होता की गोळ्या मागून लागल्या. समितीने पुढे जी चौथी गोळी मान्य केली, तीही कुणाला लागली नाही असंच म्हटलं.

ती चौथी गोळी कुठून आली, हे सांगायलाच हवं, कारण आवाजाचं विश्लेषण करणाऱ्या प्रत्येकासाठी तो धडा आहे. डॅलस पोलिसांच्या एका मोटारसायकलचा वायरलेसचा माइक पाचेक मिनिटं चालू अवस्थेत अडकून राहिला होता आणि पहिल्या चॅनलवरचं ध्वनिमुद्रण डिक्टाबेल्ट नावाच्या पट्ट्यावर उरलं होतं. त्यात गोळीचा आवाज कानाला ऐकू येत नाही, फक्त खरखरीत दडलेले ठोके आहेत. ऑगस्ट १९७८ मध्ये बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या संस्थेच्या लोकांनी डीली प्लाझात रायफली झाडून, रस्त्याकडेने माइक मांडून पडसादांचे नकाशे तयार केले आणि ते ठोक्यांशी ताडले. मग मार्क वाइस आणि अर्नेस्ट अश्केनासी यांनी पुढचं गणित मांडलं: एक ठोका टेकाडावरून सुटलेल्या गोळीचा असण्याची शक्यता ९५ टक्के. या जोरावर समितीने कट असावा असा निष्कर्ष काढला.

पद्धत विचारपूर्वक आखलेली होती, तिच्यामागची मेहनत खरी होती. पण एक गृहीत तपासायचं राहिलं: तो माइक त्या क्षणी त्या चौकात होता का? ज्या पोलिसाची मोटारसायकल असल्याचं धरलं, त्यानेच ते नाकारलं. हत्येनंतर लगेच सुसाट निघालेल्या गाड्यांचे सायरन त्या पट्ट्यावर तेव्हा ऐकू येत नाहीत, येतात ते जवळजवळ दोन मिनिटांनी. आणि मग ओहायोतल्या एका ड्रमवादकाने, एका मासिकासोबत मिळालेली ध्वनिमुद्रणाची पातळ तबकडी पुन्हा पुन्हा ऐकताना, तथाकथित गोळ्यांच्या जागीच शेरीफ बिल डेकर यांचा पुसट आवाज पकडला. डेकर यांचं ते वाक्य दुसऱ्या चॅनलवर स्पष्ट नोंदलेलं होतं आणि ते हत्येनंतर साधारण मिनिटभराने उच्चारलेलं होतं. भौतिकशास्त्रज्ञ नॉर्मन रॅम्झी यांच्या अध्यक्षतेखालच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या समितीने १९८२ मध्ये हे मान्य केलं. ठोके गोळीबाराच्या वेळचे नव्हतेच. २००१ मध्ये एका निबंधाने चौथ्या गोळीचा दावा पुन्हा उचलून धरला, २००५ मध्ये रॅम्झी समितीतल्या शास्त्रज्ञांनी त्याला उत्तर दिलं. मला त्या उत्तरानंतर पट्ट्यात काही उरलेलं दिसत नाही.

फिल्मवरूनच आवाजाचा माग काढण्याचा प्रयत्न मात्र मला जास्त आश्वासक वाटतो. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ लुईस अल्वारेझ यांच्या लक्षात आलं की धडाका ऐकून झाप्रूडर दचकले असतील, तर हात हलून काही फ्रेम अस्पष्ट झाल्या असतील. ३१३ नंतर पाचेक फ्रेमनी असा थरथराट खरोखर दिसतो. आधीच्या दचकण्यांबद्दल एकमत नाही, कारण हात नुसत्या चालत्या गाडीमागे फिरतानाही हलतो. अल्वारेझ यांनी पहिली गोळी १७७ च्या आसपास धरली, संसदीय समितीच्या तज्ज्ञांनी १६० आणि १९० या जागांवर भर दिला. पहिल्या गोळीचा क्षण आजही असा वीस-तीस फ्रेमच्या पट्ट्यात फिरतो. मी १६० कडे झुकतो, ते कॉनलींच्या मान वळवण्यामुळे आणि त्यांच्या साक्षीमुळे.

२०२३ मध्ये पॉल लँडिस यांनी जे सांगितलं त्याचं काय, असंही विचारलं आहे. लँडिस मागच्या गाडीच्या पायरीवर उभे असलेले सीक्रेट सर्व्हिसचे अधिकारी. रुग्णालयात अध्यक्षांच्या गाडीत आपल्याला एक गोळी सापडली आणि ती आपण केनेडींच्या स्ट्रेचरवर ठेवली, असं त्यांनी साठ वर्षांनी सांगितलं. ते खरं असेल, तर दोघांमधून गेलेल्या त्या एका गोळीचा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागेल. पण नोव्हेंबर १९६३ मध्ये त्यांनी स्वतः लिहिलेल्या निवेदनांत गोळी सापडल्याचा उल्लेख नाही. तिथे आहेत दोन आवाज आणि दुसरा उजवीकडून पुढून आल्यासारखा वाटला ही नोंद. गोळ्यांचा काळ ठरवताना मी त्यांचे १९६३ चे दोन आवाज हिशेबात घेतो, त्याच गाडीच्या दुसऱ्या बाजूच्या पायरीवरच्या हिल यांच्या दोन आवाजांच्या जोडीने. २०२३ चं कथन मी वेगळं नोंदवून ठेवतो.